लाइन नाही आली अजून

चक्कीचं पीठ कुठे कुठे जाऊन बसतं
ते मला विचारा.
भुवयांत, कानाच्या पाळीमागे,
पोतीच्या मण्यांच्या भोकांत.
झोपेत जांभई दिली तरी
जिभेला ज्वारी लागते.

कोणाच्या घरी आज काय शिजणार
ते त्यांच्या चुलीआधी मला ठाऊक.
कोहळेंकडे रोडगे, म्हणजे गहू जाडाभरडा.
निंबाजीला नवी कवळी, त्याची ज्वारी दोनदा.
उईके मास्तरीण म्हणते,
आधी दगडातली मिरची नीट झटका.
झटकते.

पट्टा फिरतो तेव्हा साऱ्या बाया
माझ्याशी ओरडून बोलतात,
आणि मी घरीही ओरडूनच बोलते.
पोट्टा म्हणतो, आई, हळू.
हळू कसं बोलतात
ते आठवून पाहावं लागतं.

बुधवारी एकला लाइन जाते, चारला येते.
त्या तीन तासांत मी दगडाला टाकी मारते,
उधारीची वही लिहिते, फाटक्या थैल्या शिवते,
बकरीला बाभळीच्या शेंगा घालते,
आणि तरी शेजारीण हाक मारते :
रिकामीच आहेस, तर सरगुंड्या करू लाग.

आज मात्र शटर अर्धं ओढलं.

सकाळी पोतं सरकवताना
काट्यावर चुकून दोन्ही पाय पडले होते.
एकोणचाळीस.
त्यात किलोभर तर पीठच असेल, म्हटलं,
आणि काटा लगेच कोहळेंच्या गव्हाला दिला.
पण आकडा दिवसभर मागे मागे फिरला,
उधारी मागायला आल्यासारखा.

मागच्या मोरीत बादली उन्हात तापली होती.
शिकेकाई घेतली, दार लावलं.
पहिलं पाणी गेलं ताकासारखं,
दुसरं भाताच्या पेजेसारखं,
तिसऱ्याला तळाची फरशी दिसली.
आरशाच्या तुकड्यात पाहिलं :
भांगाच्या कडेला अजून पांढरं.
पुन्हा चोळलं.
पुन्हा.
ते पीठ नव्हतं.

बरं, म्हटलं.
कोणाला म्हटलं, काय माहीत.

मग टोळीच्या तेलाची शिशी काढली,
जी दिवाळीत आणली आणि
पाहुण्यांसाठी असावी तशी ठेवून दिली.
टाचांच्या भेगांत बोट घातलं
तर तिथेही पीठ, काळं पडलेलं,
कोणत्या सालचं कोण जाणे.
आधी डावी टाच, सावकाश.
उजवी तोंड फुगवून वाट पाहत होती.

पोत्यावर ओले केस पसरून बसले.
सातभाई कुठेतरी कचकच भांडत होते.
बकरी चघळत होती, तेही ऐकू आलं.
एकदा माझं नाव घेऊन पाहिलं,
हळू, तोंडातल्या तोंडात : पंचफुला.
गावात सारे चक्कीवालीच म्हणतात.
वाईट नाही. पण हे नाव लांब आहे,
म्हणायला वेळ लागतो.

साडेतीनलाच बल्ब पेटला.
आजच बरी घाई झाली यांना.

शटरखाली पाय दिसले, कोहळेंची दुर्पता.
डबा खाली टेकल्याचा आवाज.
"लाइन आली काय वं?"

बटन हाताशीच होतं.
मी ते दाबलं. खोलीत पुन्हा
शटरखालून येतो तेवढाच उजेड.
"नाही आली अजून."

थोडा वेळ ती काही बोलली नाही.
मग, "बरं बाप्पा,
मंग म्या बी टेकतो घडीभर."
चपला निघाल्या. टाचा दिसल्या,
माझ्याहून वाईट.
मी शिशी शटरखालून सरकवली.
तिनं काही विचारलं नाही,
झाकण फिरवल्याचं तेवढं ऐकू आलं.

समोरच्या घरात मिक्सर फिरत होता.
तो आम्ही दोघींनी
ऐकला नाही.